बशीखालची टिप

पार्सलवाल्याला टिप द्यायची, एवढंच काकांनी ठरवलं होतं. चांगलंच ठरवलं होतं. पण बाबांनो, माणसाच्या हातून घोटाळा व्हायचा असला की त्याची सुरुवात बहुतेक चांगल्या विचारानंच होते. वाईट विचार करणारा निदान सावध तरी असतो.

काका जन्मभर एकाच हॉटेलात वेटर होते. घर पगारावर चाललं, पण घरातली हौस चालली ती टिपेवर. मुलाची पहिली सायकल, काकूंच्या कानातले, भिंतीवरचं घड्याळ, सगळं कुणाच्या ना कुणाच्या बशीखालून आलेलं. मात्र स्वतः कुणाला टिप द्यायची वेळ काकांवर कधी आलीच नव्हती. (वेटर माणूस दुसऱ्या हॉटेलात सहसा जेवायला जात नाही. गेलाच तर त्याचं लक्ष जेवणात नसतं, वाढणाऱ्याच्या अंगठ्याकडे असतं. अंगठा आमटीत बुडाला की ह्याचं जेवण संपलं.)

आता काका घरी बसले होते. मुलगा परगावी. तो तिकडे फोनवर बोट फिरवायचा आणि इकडे दारात वस्तू हजर व्हायच्या. कधी कमरेची उशी, कधी पाय शेकायची पिशवी. घेऊन येणारा पार्सलवाला नेहमी तोच, उंच, वाळका, सदा घाईत, पाठीवर त्याच्याहून जाड थैला. घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. ती बसवली त्या दिवशी चालली होती म्हणतात.

"ह्याला काहीतरी द्यायला पाहिजे," काका एक दिवस म्हणाले.

"द्या की," काकू म्हणाल्या. "हातात ठेवा आणि मोकळे व्हा."

"हातात?" काकांनी असं तोंड केलं की जणू काकूंनी त्यांना गिऱ्हाइकाच्या ताटातलं उचलून खायला सांगितलं.

काकांचा ह्या बाबतीत एक नियम होता. टिप हातात द्यायची नाही, बशीखाली ठेवायची. देणाऱ्यानं ठेवायची, पाठ फिरवायची आणि निघायचं. घेणाऱ्यानं तो गेल्यावर बशी उचलायची. कुणी कुणाच्या डोळ्यांत बघायचं नाही. हातात टिप घेतली की मान वाकवावी लागते; बशीखालची असली की फक्त बशी उचलावी लागते. हे काकांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. तरुणपणी एका गिऱ्हाइकानं चारचौघांत नोट हवेत धरून त्यांना दोनदा "थँक्यू" म्हणायला लावलं होतं, तेव्हापासूनचं हे शहाणपण.

तेव्हा पुढचं पार्सल आलं त्या दिवशी काकांनी दारातल्या स्टुलावर बशी ठेवली, बशीत पाण्याचा ग्लास ठेवला आणि खाली नीट घडी घातलेली नोट. पार्सलवाल्यानं ग्लास उचलला, घटाघटा प्यायला, ग्लास परत बशीत ठेवला आणि तडातडा जिना उतरला. बशी जागची हलली नाही.

"घेतली नाही," काका म्हणाले. "कमी वाटली असणार."

"अहो, त्याला काय स्वप्न पडतंय का बशीखाली काय आहे ते?"

"न बघता कळलं पाहिजे. आम्हाला कळायचं. बशी किंचित कलती असायची."

त्यापुढच्या खेपेला काकांनी नोट मोठी ठेवली आणि जरा सूचनाही द्यायची असं ठरवलं. पार्सलवाल्याचं पाणी पिऊन झालं तसे ते छताकडे बघत म्हणाले, "तेवढी बशी उचला."

पार्सलवाल्यानं एकदा काकांकडे, एकदा त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं. म्हातारा माणूस, वाकता येत नसेल, असं त्याच्या मनात आलं असावं. त्यानं चपला काढल्या, बशी आणि ग्लास उचलून थेट स्वयंपाकघरात नेले आणि काकूंच्या हातात देत म्हणाला, "आणि काकू, तुमचे हे पैसे तिथं बशीखाली राहिले होते. असे उघड्यावर ठेवत जाऊ नका. सगळेच आमच्यासारखे नसतात."

तो गेल्यावर काकू इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की डोळे पुसायला त्यांना भिंतीला टेकावं लागलं. काकांना मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. परत केलेली टिप! त्यांच्या धंद्यात टिप परत करणं म्हणजे गिऱ्हाइकाला सांगणं की बाबा रे, पुन्हा ह्या टेबलावर बसू नकोस.

पण हे झालं नुसतं हसण्यावारी. खरा कस लागला तो पुढे.

झालं असं की काकू मोरीच्या बेसिनशी उभ्या असताना त्यांना शिंक आली, आणि शिंकेबरोबर कवळी बाहेर येऊन नळावर आपटली. बरोबर मधोमध तडकली. दातांचे डॉक्टर म्हणाले, दुरुस्त होईल, पण ज्या कारखान्यात बनते तिथं पाठवावी लागेल, आणि मी आता सुट्टीवर चाललोय, तर ती पार्सलनं थेट तुमच्या घरीच येईल. काकूंनी मान हलवली. बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून काकू घराबाहेर पडल्या नाहीत आणि परक्या माणसापुढे त्यांनी तोंड उघडलं नाही. काकांशी बोलायच्या, पण तोंडासमोर हात धरून. हसणं तर बंदच. घर कसं दुकान बंद असल्यासारखं झालं. काकांनी एक-दोनदा मुद्दाम वेडेपणाही करून बघितला. (एक-दोनदा मुद्दाम, बाकीचा नेहमीचा.) काही उपयोग झाला नाही.

तशात थोरलीचा फोन आला. थोरली म्हणजे काकूंची मोठी बहीण. ह्या बाईंचे सगळेच्या सगळे दात अजून घरचे होते. विकतचा एकही नाही. आणि ही गोष्ट त्या कुठल्याही गप्पांत, अगदी कुणाच्या आजारपणाच्या गप्पांतसुद्धा, बरोबर आणून बसवायच्या. कितीतरी वर्षांनी त्या बहिणीकडे राहायला येत होत्या. गुरुवारी दुपारच्या गाडीनं.

"कवळी गुरुवारच्या आत आली पाहिजे," काकू हाताआडून म्हणाल्या. "नाही आली तर मी आजारी आहे, मला बोलता येत नाही, असं सांगा. आणि हे बघा, पार्सलात काय येणार आहे हे कुणाला सांगायचं नाही. पोरालासुद्धा नाही. शपथ घ्या."

काकांनी शपथ घेतली. एरवी काकूंनी दातओठ खाल्ले असते; सध्या नुसत्या ओठांवर भागवत होत्या.

बुधवार गेला. पार्सल नाही. गुरुवार उजाडला. काका सकाळपासून दाराशी. आणि दाराशी बसून माणसाच्या डोक्यात जे येऊ नये तेच येतं. पार्सलवाला रागावला तर नसेल? टिप देताना आपण दोनदा चुकलो, एकदा तर बिचाऱ्याला भांडी उचलायला लावली. अशानं तो "घर बंद होतं" असं कळवून पार्सल परत पाठवेल. मग थोरली ह्या सोफ्यावर बत्तीस दात घेऊन बसलेली असेल, आणि आपली बायको आतल्या खोलीत पांघरूण घेऊन.

आज टिप पोचलीच पाहिजे, काकांनी मनाशी बांधलं. आणि बशीचा नाद सोडायचा.

दुपार व्हायच्या आधी पायऱ्यांवर तडातड पावलं वाजली. काकू आतल्या खोलीच्या दाराला कान लावून उभ्या राहिल्या. पार्सलवाला आला, धापा टाकत. त्यानं हाताच्या कोपरात अडकवलेलं हेल्मेट काढून स्टुलावर उलटं ठेवलं, थैल्यात हात घातला आणि एक एवढीशी डबी काढली. खाकी कागदात गुंडाळलेली, वर काकूंचं नाव.

"घ्या काका. इथं सही."

काकांनी एका हातात डबी घेतली. दुसऱ्या हातात, मुठीत, नोट तयार होती. आणि त्यांची नजर गेली हेल्मेटवर. उलटं ठेवलेलं, गोल, खोलगट. काकांना वाटलं, ही तर देवानं धाडलेली बशी! पार्सलवाला फोनवर काहीतरी दाबत होता तेवढ्यात त्यांनी नोट अलगद आत सोडली. चाळीस वर्षं भरल्या हॉटेलात न सांडता वाढलेला हात तो, नोट पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

"सही, काका. बोटानं, ह्या काचेवर."

काकांनी बोट फिरवलं. काच कोरीच. पुन्हा फिरवलं. काहीच नाही. जन्मभर गरम ताटं आणि उकळत्या किटल्या धरून त्यांच्या बोटांची टोकं अशी गुळगुळीत झाली होती की काच त्यांना ओळखतच नव्हती.

"जोरात दाबा. फोन दुसऱ्या हातानं धरा ना, हलतोय तो."

दुसऱ्या हातात डबी. आता ती ठेवायची कुठं? जमिनीवर? खाण्याच्या कामाची वस्तू जमिनीवर ठेवायची नाही, हाही काकांचा नियमच. (कवळी ही खाण्याचीच वस्तू, ह्यात कुणाचं दुमत नसावं.) मग हाताशी जे होतं त्यात त्यांनी ती क्षणभर ठेवली. म्हणजे हेल्मेटात. फोन दोन्ही हातांनी धरला, अंगठा उभा-आडवा घासला, तेव्हा कुठे काचेवर गांडुळासारखं काहीतरी उमटलं. पार्सलवाला म्हणाला, "चालतंय," आणि फोन परत घेतला.

इतक्यात त्याला कुणाचा तरी फोन आला. तो बोलत बोलत दोन पायऱ्या उतरून उभा राहिला. काकांनी ओळखलं, हीच वेळ. नोट जागेवर गेली आहे. आता देणाऱ्यानं काय करायचं? पाठ फिरवायची आणि निघायचं.

काकांनी पाठ फिरवली, आत शिरले आणि दार लावून घेतलं. आणि दाराला पाठ टेकून, डोळे मिटून, एक लांब श्वास सोडला. जमलं!

दारावर टकटक झाली.

"काका? अहो काका, हे आत राहिलंय. हेल्मेटात."

'आला परत करायला!' काका सावध झाले. ह्या वेळी माघार नाही. "राहू दे!" ते दाराआडून ओरडले. "मुद्दाम ठेवलंय!"

बाहेर कागद चुरचुरला. मग, "म्हणजे तुम्हाला नकोय का हे?"

"नकोय! घेऊन जा तुम्ही!"

"नक्की ना? काकूंना विचारा एकदा."

"काकूंनीच सांगितलंय! आता काही बोलू नका आणि परत आणू नका, नाहीतर मी रागावेन!"

"बरं. मर्जी तुमची," असा जरा उतरलेला आवाज आला, आणि पावलं जिन्यानं खाली गेली.

काकू आतल्या खोलीतून बाहेर आल्या. काकांसमोर उभ्या राहिल्या आणि ओंजळ पुढे केली.

काका हसले. मग त्यांनी काकूंच्या ओंजळीकडे बघितलं. मग आपल्या हातांकडे. एका हातात काही नव्हतं. दुसऱ्या हातातही काही नव्हतं. त्यांनी तळहात उलटे करून बघितले, तरी नव्हतं.

"अहो," काकू म्हणाल्या, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच तोंडासमोर हात धरायला विसरल्या, "माझे दात कुठायत?"

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते काकांना तेव्हा कळलं. काकूंच्या तोंडचं तर त्याच्याही पलीकडचं काही पळालं होतं. काका दार उघडून सुटले. पायांत एक चप्पल आपली, एक काकूंची. तीन मजले ते कसे उतरले ते गुडघ्यांनाच माहीत.

खाली मोटरसायकल नव्हती. फाटकावरच्या वॉचमननं मागच्या गल्लीकडे बोट दाखवलं. काका मागच्या गल्लीत. तिथं नाही. पुढच्या वळणावर नाही. पिठाच्या गिरणीपाशी नाही. उन्हानं डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. आणि शेवटी एका इमारतीच्या दारात ती मोटरसायकल दिसली. उभी. आरशावर हेल्मेट टांगलेलं, मागच्या सीटवर थैला बांधलेला. माणूस वर गेलेला.

काकांनी हेल्मेटात हात घातला. रिकामं. थैल्याचं तोंड उघडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. खोकी, पाकिटं, काहीतरी मऊ. डबी नाही.

"ओ! ओ आजोबा! काय चाललंय?"

त्या इमारतीचा वॉचमन काठी घेऊन धावत आला. त्याच्या मागून इस्त्रीवाला, त्याच्या मागून आणखी दोघे. काकांचा हात अजून थैल्यातच.

"मी... माझं आहे त्यात..."

"सगळे चोर हेच म्हणतात. ह्या वयात? शोभतं का?"

"अहो, मी चोर नाही, मी ह्या माणसाला टिप दिली होती..."

एवढ्यात पार्सलवाला जिना उतरून आला. माणसं, काठी, काका, सगळं बघून तो थबकला. "सोडा त्यांना, ओळखीचे आहेत," तो म्हणाला. मग काकांजवळ येऊन त्यानं शर्टाच्या खिशातून ती घडी घातलेली नोट काढली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, ही परत हवी होती का? मग मागायची ना सरळ. त्यात लाज कसली? असतात एकेकाच्या अडचणी."

हळू आवाजात म्हणाला खरा, पण गल्लीत सगळ्यांना ऐकू गेलं. इस्त्रीवाल्यानं "च्च" केलं. वॉचमननं काठी खाली घेतली, आणि चोराकडे बघतात त्यापेक्षाही वाईट नजरेनं काकांकडे बघितलं. दिलेली टिप परत मागायला गल्लीतून पळत आलेला माणूस! चोर म्हटलं असतं तर बरं, असं काकांना झालं.

"नोट नको!" काका कळवळून म्हणाले. "डबी! डबी कुठंय?"

"कुठली डबी? ती तर तुम्हीच नको म्हणालात."

"मी?"

"मी दोनदा विचारलं, काका. पार्सल परत ठेवलेलं, त्याच्याखाली पैसे. म्हटलं, परत नेण्याची मजुरी दिली म्हाताऱ्यानं, मोठ्या मनाचा आहे. मी परतीच्या मालात टाकून दिली."

"परतीचा माल कुठंय?"

"आत्ताच व्हॅन येऊन घेऊन गेली गोडाऊनला. तिथून दुपारी गाडी सुटते, जिथून माल आला तिकडे." पार्सलवाल्यानं घड्याळ बघितलं आणि त्याचाही चेहरा पडला. "काय होतं काका त्यात? महत्त्वाचं?"

काकांनी तोंड उघडलं. शपथ आठवली. तोंड मिटलं. पण त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते बघून पार्सलवाला म्हणाला, "बसा मागे."

थैला त्यानं पुढे टाकीवर घेतला, हेल्मेट काकांच्याच डोक्यावर घातलं. काका त्याच्या कमरेला गच्च धरून बसले. वाटेत सिग्नलला गाडी थांबली तसं पार्सलवाल्यानं मान मागे वळवली. "पण काका, पैसे हेल्मेटात का टाकले? हातात का नाही दिले?"

तेव्हा काकांनी त्याला बशीचा नियम सांगितला. ठेवायची, पाठ फिरवायची, निघायचं. त्या नोट हवेत धरणाऱ्या गिऱ्हाइकाचंही सांगितलं. हे त्यांनी काकूंशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, पण हेल्मेटातून बोलायला सोपं जातं. पार्सलवाल्यानं आरशातून काकांकडे बघितलं. सिग्नल सुटला.

गोडाऊनच्या अंगणात परतीची गाडी भरत होती. निम्मी भरली होती. आत काउंटरवर एक बाई बसल्या होत्या आणि समोर रांग. रांगेत सगळ्यांत पुढे एक कोटवाले गृहस्थ, मिनिटामिनिटाला घड्याळ बघणारे. पार्सलवाल्यानं त्यांच्या बाजूनं मुंडकं घातलं आणि सगळं सांगितलं.

"एकदा नाकारलं की नाकारलं," बाई म्हणाल्या. "आता ते पाठवणाऱ्याचं झालं."

"ताई, चूक झाली हो," काका म्हणाले.

"मग नाव?"

काकांनी काकूंचं नाव सांगितलं.

"हे तर बाईमाणसाचं नाव. तुम्ही कोण?"

"नवरा."

"ते कशावरून? बरं, पार्सलमध्ये काय आहे ते सांगा. ते जुळलं तर बघू."

काकांनी वळून बघितलं. मागे रांग कान देऊन उभी.

"एक... वस्तू आहे."

"कसली वस्तू?"

"रोजच्या वापरातली."

"भांडं आहे का?"

"भांडं नाही. पण जेवताना लागते."

"चमचा?"

"चमच्याच्या पुढची."

"आजोबा, इथं कोडी घालायला बसलोय का आपण?" कोटवाले गृहस्थ कडाडले. "आम्हाला कामं आहेत!"

अंगणात गाडीचं इंजिन सुरू झालं.

पार्सलवाला पुढे झाला. "ताई, काकूंना फोन लावा ना. पार्सल त्यांच्या नावाचं, त्याच सांगतील."

बाईंनी नंबर फिरवला आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून फोनचा आवाज मोठा करून तो काउंटरवर ठेवला. घंटी वाजली. उचलला गेला.

"हॅलो? पार्सल ऑफिसातून बोलतेय. तुमच्या नावाचं पार्सल आहे का?"

"हूं," फोन म्हणाला.

"काय आहे त्यात?"

शांतता.

"बाई, बोला ना, गाडी सुटतेय. काय आहे त्यात?"

शांतता. काका काउंटरवर वाकले. त्यांना घरात फोन धरून उभी असलेली बायको दिसत होती, दुसरा हात तोंडावर. "अगं," ते म्हणाले, "मी काही सांगितलं नाही. नको सांगूस. राहू दे. थोरलीला मी सांगतो तू आजारी आहेस म्हणून. तू काळजी करू नकोस."

बाहेर गाडीच्या मागच्या दाराची कडी खाडकन लागली.

आणि फोनमधून आवाज आला. बिनदातांचा, भोकं पडलेल्या पाव्यासारखा, पण असा खणखणीत की गोडाऊनच्या पत्र्यापर्यंत गेला. "दात आहेत! माझे दात आहेत त्यात! आणि त्या माणसाला ते द्या मुकाट्यानं, नाहीतर मी अशीच्या अशी तिथं येते!"

कुणी हसलं नाही. बाईंनी खुर्चीतून उठून खिडकीतून गाडीवाल्याला हाक मारली, "ए थांब रे! परतीची पेटी उघड!"

आणि ते कोटवाले गृहस्थ खाकरले. आधी मागे बघितलं, मग काकांच्या कानाशी लागून म्हणाले, "मीही त्याचसाठी उभा आहे. माझी फक्त वरची."

परत येताना डबी काकांनी शर्टाच्या आत, छातीशी धरली होती. घराखाली आल्यावर ते पार्सलवाल्याचा हात सोडेनात. "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

"काका, अजून सगळा थैला भरलाय..."

"पाच मिनिटं."

काकूंनी दारातच डबी हिसकावली आणि आत गेल्या. काकांनी मात्र खांद्यावर स्वच्छ फडकं टाकलं, पार्सलवाल्याला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, आधी पाण्याचा ग्लास आणला, मग कपबशी. कपाचा कान उजव्या हाताला. चहा काठोकाठ, पण बशीत एक थेंब नाही. पार्सलवाल्यानं चहा प्यायला. शांतपणे, न भुरकता. मग उठला, छताकडे बघितलं, काकांकडे मुद्दाम पाठ केली, आणि एक शब्द न बोलता दाराबाहेर पडला.

काकांनी त्याला हाक मारली नाही. त्यांचा हात आपोआप टेबलाकडे गेला होता. गिऱ्हाईक उठलं की टेबल साफ. त्यांनी कप उचलला, बशी उचलली.

बशीखाली ती नोट होती. नीट घडी घातलेली. आणि तिच्यावर एक नाणंही, त्याच्या पदरचं.

आणि काकांनी काय केलं असेल? हाक मारली? जिन्यानं धावले? छे. चाळीस वर्षांची सवय मेंदूला विचारत बसत नाही. नोट आणि नाणं सफाईनं मुठीत गेलं, मुठीतून खिशात गेलं, मान किंचित लवली, आणि बंद दाराकडे बघून काका म्हणाले, "थँक्यू साहेब. पुन्हा या."

मागून आवाज आला. आधी काकांना वाटलं काकूंना ठसका लागलाय. वळून बघतात तर काकू चौकटीला धरून उभ्या. हात तोंडावर नाही. सगळेच्या सगळे दात दाखवून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, बोट काकांच्या खिशाकडे. काकांना आधी राग आला, मग शरम वाटली, आणि मग ते नुसतेच बघत राहिले. दुकान उघडलं होतं.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली. थोरली!

काकूंनी डोळे पुसले, केस सारखे केले आणि दाराकडे जाता जाता काकांच्या कानाशी म्हणाल्या, "आता हिला चहा दिलात की उगीच बशीखाली बघू नका. ती काही ठेवणारी नव्हे."

थोरली तीन दिवस राहून गेली. चहा रोज दोनदा होत होता.

(काकांनी बघितलं. दर वेळी. काही नव्हतं.)